विंचवाचं विष आणि बीपीची गोळी

कोकणात विंचू चावणं काही नवीन नाही, भात कापताना, पेंढा ओढताना, लाकडाच्या ढिगात हात घातला की कधीतरी प्रसाद मिळतोच. पण सगळे विंचू सारखे नसतात. जाडजूड काळा विंचू दिसायला भयानक, पण खरा डेंजर तो बारीक चिमट्यांचा छोटा लाल विंचू.

1976 च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा ज्यांच्या अंगात विष भिनायचं अशातले जवळपास 30 टक्के पेशंट दगावायचे, त्यात लहान पोरं बरीच. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नेमकं काय काय होतंय ते टिपायला सुरुवात केली. उलट्या, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, मग छातीत घरघर आणि तोंडातून गुलाबी फेस. म्हणजे माणूस वेदनेने मरत नव्हता, हृदय थकून फुप्फुसात पाणी भरत होतं! ही निरीक्षणं 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

आता विष करतं काय? आपल्या नसांवर (म्हणजे मज्जातंतूंवर) सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात, ती क्षणभर उघडून लगेच बंद व्हायला हवीत, विष ती बंदच होऊ देत नाही. मग नसा थांबायचं नावच घेत नाहीत आणि रक्तात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, त्याने रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, म्हणजे पाइपचं तोंड दाबून धरलंय आणि पंप चालूच आहे, अशी हृदयाची गत. (हातपाय गार का पडतात तेही यातूनच कळतं, तिथपर्यंत रक्त पोचतच नाही.)

एवढं कळल्यावर औषध शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रॅझोसिन नावाची बीपीची साधी गोळी बाजारात होतीच, ती रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टरच (म्हणजे ॲड्रेनलिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा) अडवते. बावस्करांनी ती द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. मला विचाराल तर यातली खरी कमाल गोळीची नाहीच, रात्र रात्र जागून केलेल्या निरीक्षणाची आहे.

पुढे प्रतिविषही, म्हणजे विष निकामी करणारं औषधही आलं. 2011 मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात महाडच्याच 70 पेशंटचा अभ्यास आला, नुसत्या प्रॅझोसिनवर बरं व्हायला सरासरी 17.7 तास लागले, सोबत प्रतिविष दिलं तर 8 तास. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

बऱ्याच जणांना विंचू चावल्यावर नुसती आग आणि कळा होतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत, त्याचं श्रेय मांत्रिक घेऊन जातो ही गोष्ट वेगळी. पण घाम, उलटी किंवा गार हातपाय यातलं काही दिसलं तर मंत्र-बिंत्र सोडा आणि सरळ दवाखाना गाठा, लहान मूल असेल तर वाटच बघू नका. आणि हो, हे वाचून घरातली बीपीची गोळी परस्पर देऊ नका, प्रॅझोसिनच्या पहिल्याच डोसने बीपी धाडकन उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून दवाखान्यात पेशंटला आडवं झोपवून बीपी बघत बघत देतात.