लायक्रा म्हणजे पातळ वेटसूट नव्हे

कोमट समुद्रात स्कूबाला निघालेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "पाणी २८ अंश आहे, लायक्रा पुरेल ना? की थोडं जाड काही घ्यावं?" सगळा घोळ त्या 'थोडं जाड'मध्ये आहे. लायक्राचा अंगभर सूट आणि निओप्रीनचा वेटसूट म्हणजे एकाच वस्तूचा पातळ आणि जाड प्रकार, असं धरून लोक खरेदी करतात आणि दिवसाच्या तिसऱ्या डाइव्हला दात वाजवत बोटीवर येतात. हे इतक्यांदा पाहिलंय की आता एकदा नीट मांडायलाच हवं.

लायक्रा तुमच्या ओळखीचा आहे. पोहण्याचे कपडे, रॅशगार्ड, अंगभर डाइव्ह स्किन, सगळं त्याच घराण्यातलं. ऊन अडवतो, खरचटण्यापासून आणि बारीकसारीक डंखांपासून वाचवतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर बॉक्स जेलीफिशच्या हंगामात लोक अंगभर लायक्रा घालूनच पाण्यात उतरतात. ही कामं तो चोख करतो. ऊब देणं मात्र त्याचं काम नाही. घातला काय, न घातला काय, थंडी वाजायची तेव्हा वाजतेच.

आता वेटसूट. "सूट अंगालगत पाण्याचा थर पकडून ठेवतो, शरीर तो थर गरम करतं आणि तो गरम थर आपल्याला ऊब देतो." हे वाक्य दुकानात ऐकू येतं, बोटीवर ऐकू येतं, शिकवणारेही सांगतात. पाणी आत शिरतं हे खरं, शरीर ते गरम करतं हेही खरं. पण त्या पाण्यामुळे ऊब मिळते हे साफ चूक, आणि माझ्या मते वेटसूटच्या निवडीतल्या जवळजवळ सगळ्या चुका या एका वाक्यातून निघतात. पाण्याचा थर ऊब देत असता तर घट्ट लायक्रानेही दिली असती. त्यातही अंगालगत पाणी असतंच की.

ऊब देतात ते रबरातले बुडबुडे. वेटसूटचं निओप्रीन हे फुगवलेलं रबर असतं. त्यात वायूचे असंख्य सूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येक कप्पा बंद, त्यामुळे आत पाणी शिरत नाही. थर्मोकोलच्या पेटीत बर्फ टिकतो तो याच कारणाने: कोंडलेला वायू उष्णता सहज जाऊ देत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी नेमकं हेच हेरलं. डायव्हरला कोरडं ठेवायची गरज नाही. सूटच्या कापडातच पुरेसा वायू अडकलेला असेल तर अंग भिजूनही उबदार राहतं.

पाण्याचं उलटं आहे. फुगवलेल्या निओप्रीनमधून जितकी उष्णता जाते, तिच्या साधारण दहापट स्थिर पाण्यातून जाते. म्हणजे ३ मिलिमीटर निओप्रीनचं काम नुसत्या पाण्याकडून करून घ्यायचं, तर अंगाभोवती ३ सेंटीमीटर जाडीचा थर हवा, आणि तोही जराही न हलणारा. असा थर कोणतंही कापड धरून ठेवू शकत नाही. लायक्रा तर नाहीच, कारण त्याच्या विणीतून पाणी सतत ये-जा करतं.

मग आतल्या पाण्याचं काय करायचं? ते कमीत कमी ठेवायचं आणि बदलू द्यायचं नाही. एक लिटर पाणी २७ वरून ३३ अंशांवर न्यायला सहा किलोकॅलरी लागतात आणि त्या तुमच्याच शरीरातून जातात. सूट ढगळ असेल तर तुम्ही हात पुढे केला की गरम झालेलं पाणी गळ्यातून बाहेर पडतं, त्याच्या जागी गार पाणी येतं आणि शरीर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. म्हणून अंगाला नीट न बसणाऱ्या ५ मिमीच्या सूटपेक्षा अंगासरशी बसणारा ३ मिमीचा सूट मी डोळे झाकून निवडेन. "थोडा सैल असू दे, आत पाणी तर हवंच ना" हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्यांच्या त्या एका वाक्यापायी माणसं पैसे मोजून गारठतात.

बसतोय की नाही, हे आरशात बघून कळत नाही. सूट घालून उभे राहा आणि कोणाला तरी पाठीच्या खालच्या खळग्यावर हात ठेवायला सांगा. तिथे निओप्रीन चिमटीत सहज धरता आलं, तर पाण्याची पहिली टाकी तिथेच भरणार. दुसरी जागा काखेत, तिसरी मानेच्या मागे. हात डोक्यावर घ्या, मग खुर्चीत बसा. बसताना मानेमागे फट पडली तर डोकं वर करून पोहताना ती पडणारच, आणि डायव्हर पाण्यात आडवा असतो तेव्हा डोकं बहुतेक वेळ वरच केलेलं असतं. दुकानात सूट थोडा जास्तच घट्ट वाटावा, कारण पाण्यात तो सैलावतो. मात्र श्वास पूर्ण भरता आला पाहिजे आणि गळ्यावर दाब येता कामा नये. बाहीची लांबी, चेन पुढे की मागे, शिलाईचा रंग, यावर फार डोकं खपवू नका.

शॉर्टीबद्दल, म्हणजे आखूड बाह्यांच्या आणि मांडीपर्यंतच्या वेटसूटबद्दल, माझं मत कडक आहे: घेऊ नका. मांडीशी आणि दंडाशी मोठी तोंडं उघडी, म्हणजे पाणी आत यायला चार दारं. हातपाय उघडे, म्हणजे ऊनही लागतं आणि डंखही होतात. ऊब अर्धी आणि लायक्राचे फायदेही गेले. अंगभर ३ मिमी घालून गरम झालंच, तर गळा ओढून पाणी आत घेता येतं. शॉर्टीत थंडी वाजली तर करण्यासारखं काहीच नसतं.

"पण तलावात मी २७ अंशांच्या पाण्यात तासभर पोहते, मला कुठे थंडी वाजते?" रास्त प्रश्न आहे. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंशांचंच असतं. पण पोहणारा सतत जोर लावून उष्णता निर्माण करत असतो. चांगला डायव्हर करतो ते अगदी उलट: संथ, जवळजवळ स्थिर, एका डाइव्हला पाऊण तास ते तास. नुसतं निवांत पडून राहिलेल्या उघड्या शरीराची उष्णता टिकायला पाणी ३३ ते ३५ अंश लागतं. त्याखालच्या कोणत्याही पाण्यात हिशेब उणेच चालू असतो, फक्त वेग कमी-जास्त. शिवाय सिलिंडरमधली हवा कोरडी आणि गार असते, तीही प्रत्येक श्वासाबरोबर उष्णता घेऊन जाते. पहिल्या डाइव्हची तूट भरून निघायच्या आत दुसरी सुरू होते. तिसऱ्या डाइव्हला गारठणाऱ्यांना पाणी अचानक थंड झाल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा पाणी सकाळइतकंच असतं, शिल्लक संपलेली असते.

खोलीचा परिणाम लायक्राला लागू नाही, निओप्रीनला आहे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, ३० मीटरवर चौपट. बुडबुड्यांतला वायू त्या प्रमाणात आक्रसतो. रबर स्वतः दबत नाही, त्यामुळे सूट थेट चौथ्या हिश्शावर येत नाही, पण खाली ३ मिमीचा सूट ३ मिमी राहत नाही हे नक्की. आणि त्याच खोलीवर थर्मोक्लाइन, म्हणजे जिथे पाणी एकदम गार होतं तो थर, लागला तर पाणीही दोन-चार अंशांनी उतरतं. म्हणून पृष्ठभागावरचं तापमान विचारून सूट ठरवणं अपुरं. खाली जिथे वेळ घालवणार तिथलं विचारा.

भाड्याच्या सूटवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका. वारंवार खोलवर जाऊन आलेल्या निओप्रीनचे कप्पे हळूहळू फुटतात आणि सपाट होतात. बीसीडीचे, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाचे, पट्टे येतात ती खांद्याची जागा अंगठा आणि बोटात दाबून बघा, मग पोटरीची. खांद्यावर कागदासारखं पातळ आणि कडक लागलं, तर तो सूट नावालाच ३ मिमी आहे. दुसरा मागा.

माझा साधा ठोकताळा असा. खाली २९ अंश किंवा अधिक आणि एखाददुसरी डाइव्ह असेल तर लायक्रा चालेल. २६ ते २८ मध्ये अंगभर ३ मिमी, लवकर थंडी वाजत असेल तर त्याखाली पातळ, टोपीवाली निओप्रीन बंडी. २५ पासून खाली मी ५ मिमीकडे वळते. बंडीची सोय मला फार आवडते, कारण ती डोकं झाकते, मानेची फट बुजवते आणि नको असेल तेव्हा काढून ठेवता येते. सडपातळ माणसांनी आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह करणाऱ्यांनी एक पायरी जाड घ्यावं. शेजारचा नुसत्या चड्डीत उतरतोय हा निकष नाही. थंडीने हवा जास्त खर्च होते, आणि वर येताना गारठलेलं शरीर खाली मुरलेला नायट्रोजन हळू बाहेर टाकतं, म्हणून इथे भिडस्तपणा नको.

वेटसूटच्या आत लायक्रा घालायला माझी हरकत नाही. सूट अंगावर सरकन चढतो, काखेत घासत नाही. पण त्याने ऊब वाढते असं सांगून कोणी विकत असेल तर ऐकू नका. आत चकाकणारं टायटॅनियमचं अस्तर 'उष्णता परत फेकतं' या जाहिरातीसाठीही मी जास्तीचे पैसे मोजणार नाही. पाण्यात उष्णता जाते ती मुख्यतः वहनाने आणि प्रवाहाने.

लायक्रातून वेटसूटवर आलात की वजनाचा पट्टा, म्हणजे खाली जाण्यासाठी कमरेला बांधायची वजनं, पुन्हा जुळवावा लागतो, आणि हे हमखास विसरलं जातं. लायक्रा तरंगवत नाही. निओप्रीन तरंगवतं, कारण त्यात वायू आहे. खाली तो आक्रसला की तरंगण्याची ताकद घटते आणि बीसीडीत हवा भरावी लागते. वर येताना तो पुन्हा फुगतो, आणि तोवर सिलिंडरमधली हवा खर्चून टाकीही दोनेक किलोने हलकी झालेली असते. तेव्हा वजनाची चाचणी भरल्या सिलिंडरवर उरकू नका. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना, ५ मीटरवर बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि सावकाश श्वास घेत तिथेच थांबून बघा. वर ओढले जात असाल तर पट्ट्यात एक किलो वाढवा. खाली जात असाल तर एक काढा, आणि पुढच्या डाइव्हला पुन्हा तपासा.