मनकवडा

मनकवडा : न सांगता दुसऱ्याच्या मनातले ओळखणारा. हा शब्द विशेषण म्हणूनही चालतो आणि नाम म्हणूनही. स्त्रीलिंगी रूप मनकवडी, गुणवाचक नाम मनकवडेपणा. ठाण्यातल्या खिडक्यांवर घुमणाऱ्या कवड्याशी, म्हणजे होल्याशी, त्याची सांगड घालायचा मोह होतो. पण अर्थाने दोघे एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

'अंतर्यामी' देवालाच शोभतो. मनकवडा देवालाही म्हणतात, पण हा शब्द मुळात घरातला. मागण्याआधी चहाचा कप पुढे आला, की 'मनकवडी आहेस अगदी!' हे कौतुक. रोजच्या बोलण्यात मात्र तो बहुधा भांडणाच्या तोंडाशी भेटतो : 'आधी सांगायला काय झालं होतं? मी काय मनकवडा आहे?'

मनकवडेपणाचा खरा कस संध्याकाळच्या धीम्या कल्याण लोकलमध्ये लागतो. समोर बसलेल्याचा मोबाइल खिशात गेला, बॅगेची चेन लागली, नजर बाहेर वळली, की उभा असलेला प्रवासी नाहूरच्या आसपासच ताडतो : हा ठाण्याला उतरणार. तो पाय रोवून जागा धरतो.

यात चमत्कार नाही. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवी. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले, की प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचालींवरून तो कधी थांबायचे ते ओळखत असे. गणित येत नव्हते. मनकवडा मात्र पक्का होता. न बोलता, न पाहता विचार पोहोचतो या कल्पनेला १८८२ मध्ये फ्रेडरिक मायर्स यांनी टेलिपथी हे नाव दिले. मनकवड्याला तेवढी झेप लागत नाही, त्याला माणूस डोळ्यांसमोर हवा.

योगशास्त्रात परचित्तज्ञान ही सिद्धी आहे (योगसूत्रे ३.१९). तिलाही लगेच मर्यादा घातलेली आढळते : दुसऱ्याचे चित्त कळते, त्या चित्ताचा विषय कळत नाही. योगसूत्रांवरची जुनी टीका, व्यासभाष्य, हिचे म्हणणे असे, की मन आसक्त आहे हे योग्याला समजते, कशावर आसक्त आहे ते नाही. लोकलमधल्या मनकवड्याचेही तेच. हा उठणार, एवढे त्याला कळते. ठाण्याला उतरून तो कुणाकडे निघालाय, ते नाही.