वाघ खाल्ला म्हणून कुणी वाघ होत नाही

मांस खाणारा तापट, न खाणारा शांत. अंगात बळ हवं तर बलवान प्राण्याचं मांस खा. असले निरोप मोबाइलवर अधूनमधून फिरतच असतात. हत्ती जन्मभर गवत-पाल्यावर जगतो. त्याच्या ताकदीबद्दल बोलायलाच नको, आणि शांतपणाचं म्हणाल तर माजावर आलेला हत्ती आठवावा.

खरी गंमत पोटात घडते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, घड्या पडून ठरावीक आकारात बसलेली. तिचं काम या आकारावर चालतं. जठरातलं आम्ल आधी घड्याच उलगडतं, म्हणजे मूळचा गुण तिथेच संपला. मग पेप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) साखळी तोडू लागतं. पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन हे दुसरं विकर भेटतं. हे मोठं चोखंदळ: साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल दिसलं की त्याच्या पुढचाच बंध कापायचा. कायमोट्रिप्सिन या तिसऱ्या विकराला मात्र टायरोसिन, फेनिलअ‍ॅलनिनसारखी रचनेत वलयं असलेली अमिनो आम्लं लागतात. उरलेले दोन-तीन कड्यांचे तुकडे बहुतांशी आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये सुटे होतात. रक्तात शिरलेलं ल्युसिन हे अमिनो आम्ल वाघाचं की एखाद्या बीमधलं, हे कुठल्याही प्रयोगशाळेला त्याच्या रेणूच्या रचनेवरून सांगता येणार नाही. याच 20 प्रकारच्या अमिनो आम्लांतून आपल्या पेशींतले रायबोझोम नावाचे सूक्ष्म कारखाने नवी प्रथिनं विणतात, पण क्रम ठरतो आपल्याच डीएनएवरून उतरवलेल्या आरएनएनुसार. स्नायू वाढवायचे तर त्यांच्यावर ताणही पडावा लागतो. नुसत्या प्रथिनाच्या डब्यांनी दंड भरत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

1962 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅककॉनेल यांनी दावा केला होता, की शिकवलेले चपटे कृमी खाऊ घातले तर न शिकलेले कृमी लवकर शिकतात. इतरांच्या प्रयोगांत ते काही टिकलं नाही.

स्वभावावर अन्नाचा परिणाम होतच नाही, असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे सगळे स्वेच्छेने आलेले, हाती शस्त्र धरायला तत्त्व म्हणून नकार दिलेले. काही आठवड्यांत ते चिडके, उदास, एकलकोंडे झाले. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुन्हा वाढीव जेवण सुरू झाल्यावरही काहींची चिडचिड लगेच गेली नाही.