आकाशगंगा आणि दीर्घिका: एक आतून दिसते, बाकीच्या बाहेरून

आकाशगंगा किती आहेत? एक. दीर्घिका किती आहेत? अंदाज १० हजार कोटींपासून २ लाख कोटींपर्यंत कुठेही जातो, आणि त्यावर अजून वाद चालू आहे. पहिलं उत्तर ऐकून समोरचा बहुतेक वेळा बुचकळ्यात पडतो, कारण ‘दोन आकाशगंगांची टक्कर’ असा मथळा त्याने कालच वाचलेला असतो.

मराठीत या दोन शब्दांनी कामं वाटून घेतली आहेत. दीर्घिका हे सामान्यनाम. तारे, वायू, धूळ आणि न दिसणारं कृष्णद्रव्य हे सगळं गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलं गेलं की ती दीर्घिका. आकाशगंगा हे विशेषनाम, म्हणजे असंख्य दीर्घिकांपैकी जिच्यात आपला सूर्य आहे तिचं नाव. नदी आणि गंगा यांच्यात जो फरक, तोच इथे. हिंदीत मात्र कुठल्याही दीर्घिकेला आकाशगंगा म्हणायची पद्धत आहे, आणि भाषांतरित बातम्यांबरोबर ती आपल्याकडेही आली.

यात एवढं बिघडतं काय, असं कुणी विचारेल. चंद्र हेही एकाचंच नाव होतं, तरी आज गुरूला ९० हून अधिक चंद्र आहेत असं आपण बिनदिक्कत लिहितो. हा युक्तिवाद मला मान्य आहे, आणि गप्पांमध्ये कुणी ‘आकाशगंगा’ अनेकवचनी वापरला तर मी टोकत नाही. पण चंद्र आणि उपग्रह यांच्यात जो गोंधळ होत नाही, तो इथे होतो. आकाशगंगा या शब्दाच्या पोटात आधीच दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे अंधाऱ्या रात्री आकाशात आडवा-तिडवा पसरलेला दुधट पट्टा. दुसरी म्हणजे सुमारे १ लाख प्रकाशवर्षं व्यासाची ती प्रचंड चकती, जिच्यात आपण राहतो. आपल्या जागेबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, त्यातले बहुतेक या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत अडकलेले असतात.

जाता जाता शब्दांबद्दल एक. अमरकोशात ‘वापी तु दीर्घिका’ असं आहे. म्हणजे दीर्घिका ही मुळात लांबट विहीर. ग्रीकांना आकाशात सांडलेलं दूध दिसलं, आपल्याकडे नदी आणि विहीर. विहिरीची उपमा तर मला फारच चपखल वाटते, कारण आपण त्यातले कूपमंडूक आहोत. आपली विहीर बाहेरून कशी दिसते ते आपल्याला ठाऊक नाही, पण शेजारच्या विहिरी स्वच्छ दिसतात.

पट्टा म्हणजे कडेने पाहिलेली चकती

आकाशगंगा ही आकाशात ‘तिकडे’ आहे आणि आपण ‘इकडे’, हा पहिला गैरसमज. रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसणारा एकूण एक तारा आकाशगंगेतलाच आहे, पट्ट्यातला असो की पट्ट्यापासून लांबचा. मग पट्टा का दिसतो? चकतीच्या आत उभं राहून चकतीच्या पातळीत नजर टाकली की हजारो प्रकाशवर्षांपर्यंत तारेच तारे एकामागे एक येतात आणि त्यांचा प्रकाश मिसळून जातो. वर किंवा खाली पाहिलं की नजर थोड्याच अंतरात चकतीच्या बाहेर पडते. तिथे तारे विरळ. गॅलिलिओने १६१० साली जाहीर केलं की दुर्बिणीतून हा पट्टा सुट्या सुट्या ताऱ्यांचा दिसतो. त्याआधी तो ढग आहे की धूर, यावर तर्कच चालत होते.

पट्ट्याकडे नीट पाहिलं तर आपला पत्ताही बऱ्यापैकी कळतो, तोही दुर्बिणीशिवाय. पट्टा आकाशगोलाचे जवळजवळ सारखे दोन भाग करतो. आपण चकतीच्या बरेच वर किंवा खाली असतो, तर एक भाग लहान, दुसरा मोठा झाला असता. म्हणजे आपण जवळपास मधल्या पातळीतच आहोत. शिवाय पट्टा सगळीकडे सारखा उजळ नाही. धनू आणि वृश्चिकाकडे तो रुंद, फुगीर आणि तेजस्वी आहे. उलट बाजूला, सारथी आणि मृग या तारकासमूहांच्या आसपास, इतका फिका की अनेकांना तो तिथे आहे हेच माहीत नसतं. एका बाजूला जास्त तारे, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे आपण मध्यभागी नाही. केंद्र धनूच्या दिशेला आहे आणि सूर्य त्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, मृग भुजा नावाच्या एका छोट्या भुजेत (चकतीतल्या ताऱ्यांच्या वळणदार पट्ट्यात) आहे. केंद्रात सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याची प्रतिमा मे २०२२ मध्ये जाहीर झाली. सूर्याला या केंद्राभोवती एक फेरी मारायला साधारण २३ कोटी वर्षं लागतात.

इतकं सोपं असताना हे कळायला २०वं शतक का उजाडावं लागलं? धुळीमुळे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शलने १७८५ साली वेगवेगळ्या दिशांचे तारे मोजून आकाशगंगेचा नकाशा काढला आणि सूर्य जवळजवळ मधोमध आला. त्याची मोजणी चोख होती, पण ताऱ्यांमधली धूळ पलीकडचे तारे झाकते हे त्याला माहीत नव्हतं. दाट धुक्यात उभ्या माणसाला सगळीकडे सारख्याच अंतरापर्यंत दिसतं आणि आपणच मधोमध आहोत असं वाटतं, तसं ते झालं. हंस तारकासमूहापासून पट्ट्याच्या मधोमध जी काळी फट दिसते, ती ताऱ्यांचा अभाव नाही. ती हीच धूळ. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीने १९१८ साली यातून वाट काढली. चकतीच्या वर-खाली विखुरलेले गोलाकार तारकागुच्छ त्याने मोजले. त्यांची गर्दी धनूच्या बाजूला होती, सूर्याभोवती नव्हती.

एक छोटा पण हमखास येणारा प्रश्न: ग्रह ज्या पातळीत फिरतात, तीच आकाशगंगेची पातळी का? नाही. दोन्हींत सुमारे ६० अंशांचा कोन आहे. म्हणून राशीचक्राचा पट्टा आणि आकाशगंगेचा पट्टा एकमेकांना तिरके छेदतात.

दीर्घिका म्हणजे धुरकट ठिपका

आता दुसरी बाजू. आपली मोठी शेजारीण असलेली देवयानी दीर्घिका मी पहिल्यांदा द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) पाहिली तेव्हा घोर निराशा झाली. डोक्यात छायाचित्रांतले निळे-गुलाबी सर्पिल होते आणि समोर काचेवर श्वास सोडल्यासारखा एक राखाडी डाग. तुम्हालाही पाहायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात चंद्र नसलेली रात्र निवडा. महाश्व तारकासमूहातल्या मोठ्या चौकोनाचा ईशान्येचा तारा धरा. तिथून ताऱ्यांची एक ओळ ईशान्येकडे निघते, तिच्यातला दुसरा, किंचित तांबूस तारा गाठा. तिथून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला वळा आणि दोन मंद तारे मोजा. दुसऱ्याच्या अगदी शेजारी तो डाग आहे. थेट रोखून पाहिलं तर हरवतो, नजर जरा बाजूला ठेवली की उमटतो. हा आपल्याला दिसतो तो फक्त मधला फुगीर भाग. पूर्ण दीर्घिका दिसू शकली असती तर तिने सहा पौर्णिमेच्या चंद्रांइतकी रुंदी व्यापली असती.

अब्दुल रहमान अल-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने ९६४ साली या डागाची ‘छोटा ढग’ अशी नोंद केली होती. पुढे दुर्बिणी आल्यावरही त्याला तेजोमेघच (म्हणजे वायू आणि धुळीचा ढग) म्हटलं गेलं, आणि जुन्या पुस्तकांत ‘देवयानी तेजोमेघ’ अजूनही सापडतो. मृगातला तेजोमेघ आणि हा, दोघंही धुरकट, तेव्हा दोघांना एकाच फडताळात ठेवणं साहजिक होतं. मृगातला तेजोमेघ आकाशगंगेतला, जेमतेम १,३०० प्रकाशवर्षांवरचा वायू आणि धूळ. देवयानी मात्र २५ लाख प्रकाशवर्षांवर, आपल्यापेक्षाही मोठी.

दोघांत फरक आहे की नाही हे ठरवण्यासाठी एप्रिल १९२० मध्ये वॉशिंग्टनला शॅप्ली आणि दुसरा खगोलशास्त्रज्ञ हीबर कर्टिस यांचा जाहीर वाद झाला. शॅप्लीचं म्हणणं, देवयानीसारखे सर्पिल तेजोमेघ आकाशगंगेतलेच किंवा तिच्या जवळपासचे आहेत. कर्टिसचं म्हणणं, त्या स्वतंत्र आकाशगंगाच आहेत. (बघा, तिथेही अनेकवचन आलंच.) गंमत अशी की सूर्य केंद्रात नाही हे शॅप्लीचं बरोबर होतं आणि सर्पिलांबद्दल तो चुकला. कर्टिसचं नेमकं उलट. कर्टिसचा एक मुद्दा मला आजही फार आवडतो. आकाशगंगेच्या पट्ट्याच्या दिशेला सर्पिल दिसतच नाहीत, ते पट्टा टाळतात, असा आक्षेप होता. तो म्हणाला, कडेने दिसणाऱ्या सर्पिलांची छायाचित्रं पाहा, त्यांच्या मध्यातून काळी धुळीची रेघ जाते. आपल्याही चकतीत तशी धूळ असेल तर ती पलीकडचे सर्पिल झाकणारच. शेजारची विहीर पाहून स्वतःची ओळखायची ही रीत तेव्हापासून सुरू झाली.

निकाल लागला ५-६ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या देवयानीच्या काचपट्टीवर (काचेवरच्या छायाचित्रावर) खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला नवतारे, म्हणजे अचानक उजळलेले तारे, वाटणारे ठिपके दिसले. त्यापैकी एकावर त्याने केलेली खूण खोडली आणि ‘रूपविकारी!’ (म्हणजे तेज बदलणारा तारा) या अर्थाची अक्षरं उद्गारचिन्हासह लिहिली. आधीच्या काचपट्ट्या ताडून पाहिल्यावर तो सेफीड प्रकारचा तारा निघाला. सेफीड ताऱ्याचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं, आणि तो काळ जितका मोठा तितका तारा मुळात तेजस्वी, हा नियम खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिटने १९१२ साली मांडला होता. मूळ तेज कळलं, दिसणारं तेज समोर आहे, की अंतर निघतं. हबलचं उत्तर ९ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आलं. ते खऱ्यापेक्षा बरंच कमी होतं, कारण सेफीड दोन प्रकारचे असतात हे नंतर कळलं. पण शॅप्लीच्या हिशेबात आकाशगंगा ३ लाख प्रकाशवर्षं रुंद होती. देवयानी तिच्या बाहेर गेली ती गेलीच. १ जानेवारी १९२५ ला हे जाहीर झालं.

आकाशगंगेचा फोटो कुठून आला?

कुठूनच नाही. सर्पिल भुजा, मधोमध दांडा आणि ‘तुम्ही इथे आहात’ असा बाण असलेलं जे चित्र सगळीकडे फिरतं, ते मोजमापांवरून काढलेलं रेखाटन आहे, नाहीतर सरळ दुसऱ्याच एखाद्या दीर्घिकेचं छायाचित्र. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर १ आपल्यापासून सुमारे एका प्रकाशदिवसावर आहे. चकतीबाहेर पडून मागे वळून पाहायला हजारो प्रकाशवर्षं जावं लागेल.

पण रेखाटन म्हणजे कल्पना नव्हे. हायड्रोजनच्या रेडिओ लहरी धुळीतून आरपार येतात, त्यांच्यावरून १९५० च्या दशकात भुजांचा माग लागला. २०१३ साली सोडलेल्या गाया यानाने जवळपास १८० कोटी ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. तरीही शेजारणीच्या भुजा आपल्याला जितक्या सहज मोजता येतात, तितक्या स्वतःच्या येत नाहीत. आकाशगंगेत एकूण तारे किती, याचा आकडासुद्धा १० हजार कोटी ते ४० हजार कोटी असा सैल आहे.

अंतरांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे पार वेगळं आहे, आणि टक्करीच्या बातमीची गोम इथेच आहे. सूर्य १ मिलिमीटरचा कण मानला तर सर्वांत जवळचा तारा २९ किलोमीटरवर येतो. आकाशगंगा ३० सेंटिमीटरची तबकडी मानली तर देवयानी फक्त साडेसात मीटरवर. तारे एकमेकांपासून भयंकर लांब आहेत, दीर्घिका त्यांच्या आकाराच्या मानाने शेजारी-शेजारी. म्हणून दीर्घिका एकमेकींत घुसतात आणि त्यांतले तारे मात्र एकमेकांना न धडकता निघून जातात.

देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. ४-५ अब्ज वर्षांत टक्कर नक्की, असं बरीच वर्षं छापलं जात होतं. २०२५ सालच्या एका अभ्यासाने त्यात मॅगेलनचा मोठा मेघ (हीसुद्धा शेजारची एक छोटी दीर्घिकाच) आणि त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका यांची ओढही धरली, तेव्हा पुढच्या १० अब्ज वर्षांत विलीन होण्याची शक्यता निम्म्यावर आली. झालंच, तर दोन्ही चकत्या मोडून बहुधा एक लंबवर्तुळाकार दीर्घिका बनेल. पृथ्वीवरचं पाणी त्याच्या कितीतरी आधी आटलेलं असेल, तेव्हा पाहायला इथे कुणी नसेल. पण दुसऱ्या एखाद्या ग्रहावरून आकाशात तारे चहूकडे पसरलेले दिसतील आणि दुधट पट्टा कुठेच नसेल.