व्हिनेगर आणि सोडा वेगवेगळेच वापरा

घरी क्लीनर बनवायच्या बऱ्याच कृतींमध्ये व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकाच भांड्यात ओतायला सांगतात. मिश्रण जोरात फसफसतं, पण त्या फेसात व्हिनेगरमधलं आम्ल आणि आम्लारी, म्हणजे सोडा, एकमेकांना संपवत असतात. कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि खाली पाण्यात जरासं सोडियम अ‍ॅसिटेट उरतं. ५ टक्क्यांच्या सुमारे ७० मिली व्हिनेगरमधलं सगळं आम्ल संपवायला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा सोडा पुरतो. त्या पाण्याने ना क्षार सुटतात, ना तेल. हे मिश्रण बाटलीत भरून झाकण लावलं तर गॅसच्या दाबाने बाटली फुटूही शकते.

म्हणून आधी मळ कसला आहे ते पाहावं. पाण्याच्या क्षारांचे पांढरे थर आम्लाने जातात, तेलकट थराला आम्लारी लागते.

किटलीतला पांढरा थर प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यावर व्हिनेगरपेक्षा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, सोयीचं पडतं, कारण त्याला वास नसतो. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम पूड विरघळवा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. थरावरून बारीक बुडबुडे उठत असतील तर काम चालू आहे. बुडबुडे थांबले आणि थर शिल्लक असेल, तर आम्ल संपलंय. ते पाणी ओतून द्या आणि ताजं द्रावण घ्या. हे द्रावण उकळू मात्र नका. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं आणि थर काढता काढता दुसरा पांढरा साका बसतो. शेवटी किटली दोनदा स्वच्छ धुवा.

बाथरूमच्या टाइल्सवरचा चिकट राखाडी थर साबण आणि पाण्यातले क्षार मिळून होतो. समप्रमाणात व्हिनेगर आणि पाणी फवारून १५ मिनिटं थांबा. आम्लामुळे या थरातला साबण मोडतो, पण त्यातली मेदाम्लं, म्हणजे साबणातला तेलकट भाग, टाइलवरच राहतात. ती निघण्यासाठी ओल्या स्पंजवर भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब घेऊन घासावं लागतं. इथे साबणाची वडी चालत नाही. आम्लात साबण फाटतो आणि पांढरा चिकटा उलट वाढतो.

शेगडीवरच्या जुन्या तेलाला धुण्याचा सोडा लावा: एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, हातात रबरी मोजे घालून. खाण्याचा सोडा फारच सौम्य आहे, त्याचा खरा उपयोग घासायला. तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी अशी पेस्ट करा. तिच्याने स्टीलवर सहसा चरे पडत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमला मात्र धुण्याचा सोडा लावू नका, ते काळं पडतं.

काचेसाठी एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी पुरे. काच उन्हात तापलेली असताना पुसू नका. द्रावण पुसण्याआधीच वाळतं आणि पट्टे उमटतात.

संगमरवर आणि चुनखडीच्या दगडावर आम्ल कधीच टाकू नये. तेही किटलीतल्या थरासारखंच कॅल्शियम कार्बोनेट आहे, त्यामुळे दगड झिजतो. गेलेली चकाकी पुसून परत येत नाही, दगड नव्याने पॉलिश करावा लागतो.

व्हिनेगर हे भरवशाचं जंतुनाशक नव्हे. घरात कुणी आजारी असेल तर साबणाने धुऊन वेगळं जंतुनाशक वापरा. ते ब्लीच असेल, तर त्याच्या आसपास व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व येऊच देऊ नका. आम्ल मिसळताच ब्लीचमधून विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि लहानशा बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका. आधी बाहेर पडा, दार-खिडक्या उघडून खोली हवेशीर होऊ द्या आणि श्वासाचा त्रास होत असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा.