भरलेले घर, एकटी बाळंतीण

बाळंतिणीच्या मनाचे दुखणे वैद्यकाने फार काळ तिच्या शरीरातच शोधले. फ्रान्समधील लुई-व्हिक्टर मार्से या वैद्याने १८५८ साली गरोदर, बाळंत आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या वेडावर अख्खा ग्रंथ लिहिला. या विषयाचा इतिहास आजही बहुधा तिथूनच सांगितला जातो. त्याच्या आधीच्या पिढीतल्या एस्किरोल या फ्रेंच वैद्याने मात्र एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली होती : सौम्य दुखण्याच्या कितीतरी बायका घरीच सांभाळल्या जातात, त्यांची नोंद कुठेच होत नाही. नोंद झाली ती इस्पितळात आणाव्या लागलेल्यांची. बाकीच्या ज्या घरात होत्या, त्या घरात डोकावायला पुढची शंभर वर्षे कोणाला सुचले नाही.

१९६८ मध्ये ब्राइस पिट या मानसोपचारतज्ज्ञाने लंडनच्या एका रुग्णालयातल्या ३०५ बाळंतिणींना सरळ प्रश्न विचारले. त्यांतल्या जवळजवळ ११ टक्के नैराश्यात होत्या. वेड लागलेल्या नव्हेत. घरी जाऊन स्वयंपाकपाणी करणाऱ्या, बाळाला पाजणाऱ्या, रडू दाबणाऱ्या. नवव्या-दहाव्या बाईला होणारे हे दुखणे, पण पिटने त्याला ‘वेगळ्या धाटणीचे’ नैराश्य म्हटले.

घर चित्रात आले ते १९७८ साली, आणि तेही बाळंतपणाच्या अभ्यासातून नाही. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या समाजशास्त्रज्ञांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांच्या नैराश्याची मुळे शोधली. संकट कोसळल्यावर कोण खचते? ज्यांच्या घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुले आहेत, ज्यांना घराबाहेर काम नाही, ज्यांची आई लहानपणीच गेली, आणि ज्यांना मनातले बोलायला नवरा किंवा दुसरे कोणी जवळचे माणूस नाही. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. घरात माणसे किती, यापेक्षा त्यांतल्या एकाजवळ तरी बोलता येते का, हे त्यामुळे विचारले जाऊ लागले.

तरीही एक समजूत जोर धरू लागली. स्टर्न आणि क्रुकमन या अभ्यासकांनी १९८३ मध्ये असा विचार मांडला की, ज्या समाजांत बाळंतिणीला ठरावीक दिवस विश्रांती मिळते, कामे दुसरे करतात, तिचे आईपण सगळे मिळून मान्य करतात, तिथे हे नैराश्य कमी आढळावे. विचार चांगला होता, पण त्याचा सोयीचा अर्थ निघाला : एकत्र कुटुंब म्हणजे आपोआप संरक्षण.

२००२ साली भारतातून आलेल्या दोन अभ्यासांनी त्याला तडा दिला. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि त्याची मारहाण ही त्यामागची कारणे होती. मुलगी झाली की धोका आणखी वाढत होता. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातल्या अभ्यासात सासूशी बेबनाव, स्वतःच्या आईवडिलांशी ताण, मुलगा हवा असताना झालेली मुलगी आणि कामाला हातभार नसणे ही कारणे पुढे आली. भरल्या घरातही हातभार नसतो, हे ज्यांनी अशी घरे पाहिली आहेत त्यांना नव्याने सांगायला नको.

अर्थात, कार्यकारणाचा धागा एकाच दिशेने जात नाही. खचलेल्या बाईला सगळीच नाती काळवंडलेली दिसू शकतात. शिवाय नवराही खचलेला असू शकतो : २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुमारे १० टक्के वडील या काळात नैराश्यात असल्याचे आणि दोघांचे नैराश्य एकमेकांशी जोडलेले असल्याचे दिसले.

गंमत अशी की या काळात दुखणे हेरण्याचे साधन मात्र घराबाहेरच राहिले. १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली आज जगभर वापरतात. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे : हसू येते का, झोप लागते का, स्वतःला दोष देता का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का. नवऱ्याबद्दल किंवा सासरबद्दल त्यांत एकही प्रश्न नाही. दुखणे ओळखायला ती उत्तम आहे, पण ते कुठून आले हे तिला विचारून उपयोग नाही.

उपचार घरात शिरला तो पाकिस्तानात, रावळपिंडीच्या खेड्यांत. आतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना समुपदेशन शिकवून नैराश्यात असलेल्या बायकांच्या घरी, गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत, पाठवले. बोलण्याचे विषय तीन : आईची प्रकृती, तिचे बाळाशी नाते आणि भोवतालच्या माणसांशी नाते. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या गटातल्या २३ टक्के माता नैराश्यात होत्या, नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. यातली खुबी मांडणीत होती. सेविका सुनेच्या नैराश्याचा विषय काढत दारात उभी राहत नसे. ती बाळाच्या वाढीबद्दल बोलायला येई, आणि त्या बोलण्याला घरचे सगळेच बसू शकत.