सूज उतरते तेव्हा आणि उतरत नाही तेव्हा

वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणायचे. कधी धोटा उडून लागायचा, कधी बोट कुठेतरी अडकायचं. त्या दिवशी ते बोटाला चिंधी गुंडाळूनच घरी यायचे. दुसऱ्या दिवशी बोट टरटरून सुजलेलं, लालबुंद, हाताला गरम लागणारं आणि रात्रभर ठणकणारं. आई हळद-तेल लावायची. चार-पाच दिवसांत सूज उतरायची, मग खपली धरायची, आणि एक दिवस ती आपसूक पडून खाली गुलाबी कातडी दिसायची. सूज म्हणजेच दुखणं, आणि हळदीनं ते पळवलं, असं मला लहानपणी वाटायचं. खरं तर त्या बोटाची दुरुस्ती त्या सुजेतूनच चालली होती.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना या चार खुणा सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आहेत. याला आपण दाह म्हणतो. जखम झाली की आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल पडतात आणि त्यातून पाणी नि पांढऱ्या पेशी जखमेत उतरतात. या पेशी जंतूंवर ऑक्सिजनची अत्यंत क्रियाशील संयुगं सोडतात. त्यांच्या मागून भक्षक पेशी येतात, मेलेलं सगळं गिळून टाकतात, आणि ‘वाढा, नवीन रक्तवाहिन्या आणा’ असा निरोप शेजारच्या पेशींना देतात. काम झालं की थांबायचा निरोपही जातो. हा थांबायचा निरोप मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दाह आपोआप विझत नाही, शरीर तो विझवतं. त्यासाठी लागणारे काही रेणू शरीर ओमेगा-3 जातीच्या स्निग्धाम्लांपासून तयार करतं.

आता आजीबद्दल सांगते.

आजी मिश्री लावायची. कुणी तिला मशेरी म्हणतं. पहाटे तवा तापला की तंबाखूची पानं त्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, तळहातावर चुरून पत्र्याच्या डबीत भरायची, आणि उंबऱ्याशी बसून बोटानं हिरड्यांवर घासत राहायची. दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा. आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींची सकाळ अशीच उजाडायची. आजीच्या खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, जिथं ती चिमूट टेकवून ठेवायची तिथं एक पांढरा चट्टा होता. वाळलेल्या सायीसारखा, सुरकुतलेला. कापडानं पुसला तरी जायचा नाही. विचारलं की म्हणायची, “दुखत नाय गं, असू दे.”

वडिलांचं बोट ठणकायचं आणि भरून यायचं. आजीचा चट्टा दुखायचा नाही आणि भरायचाही नाही. दोन्ही ठिकाणी दाहच होता. फरक एवढाच की बोटाला दुखापत एकदा व्हायची आणि ओठाला रोज दोनदा. तंबाखूतले विषारी पदार्थ, भाजल्यामुळे त्यात भर पडलेली जळकी रसायनं आणि वरून घासणं. कालची डागडुजी संपायच्या आत आजची इजा. थांबायचा निरोप जायला सवडच मिळत नाही.

अशा जागी काय होतं ते पेशीत शिरून पाहायला हवं. पांढऱ्या पेशींनी जंतूंसाठी सोडलेली ऑक्सिजनची संयुगं शेजारच्या धडधाकट पेशींनाही लागतात आणि त्यांच्या डीएनएत मोडतोड करतात. एरवी अशी मोडतोड झालेली पेशी एक तर स्वतःला दुरुस्त करते किंवा मरून जाते. पण दाहाच्या जागी सतत ‘वाढा, मरू नका’ असे निरोप फिरत असतात. एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन पेशीत असे निरोप अमलात आणणारी जनुकं चालू करतं. 1986 साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधलं. ते सारखं जागं राहिलं की डीएनए बिघडलेली पेशीही जगते आणि विभागत राहते, प्रत्येक विभागणीत चुका वाढत जातात. जखम भरण्यासाठी मागवलेल्या नव्या रक्तवाहिन्या मग गाठीला रसद पुरवतात. जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हर्चो यांनी 1863 मध्येच गाठींच्या आत पांढऱ्या पेशी पाहून जुनाट दाह आणि कर्करोग यांची सांगड घातली होती. पुढे 1986 मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं. आजीच्या ओठाकडे बघताना मला दर वेळी हेच शब्द आठवायचे.

सुपारीची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण आपल्याकडे ती सांगितलीच पाहिजे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या थरात चिवट तंतू साचत जातात, गाल दोरखंडासारखा ताठ होतो. उभी तीन बोटं तोंडात सहज गेली पाहिजेत. गुटखा खाणाऱ्या कितीतरी तरुणांची दोनही जात नाहीत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी अशी तोंडं दिसायची थांबलेली नाहीत. आणि तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते हा समजही चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं. मुलांच्या हातातली गोड सुपारीची पुडी मला म्हणूनच बघवत नाही.

न दिसणारा दाहही असाच काम करतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन दाखवलं आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. या जंतूचा दाह जुना झाला की काहींना जठराचा कर्करोग होतो. हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू यकृतात हेच करतात.

आता ताटाकडे. ‘दाहविरोधी आहार’ या नावाखाली मोबाइलवर जे फिरतं त्यात चिया, अ‍ॅव्होकॅडो आणि ब्लूबेरी असतात. सोलापुरात दाहाशी आहाराचं नातं समजून घ्यायला भाकरी पुरेशी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू, म्हणजे फायबर, असतात, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमच्या आत. दोन भाकऱ्यांना साधारण 130 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 13 ग्रॅम तंतू झाले. सोबत हुलग्याचं माडगं किंवा तुरीची आमटी, अंबाडीची भाजी आणि शेंगा चटणी असली की आकडा 25 च्या आसपास सहज जातो. 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 185 दीर्घकालीन पाहण्यांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. रोज 25 ते 29 ग्रॅम तंतू खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग, हृदयविकार आणि मधुमेह कमी तंतू खाणाऱ्यांपेक्षा कमी आढळले.

हे घडतं कसं? तंतू आपल्याला पचत नाहीत. ते थेट मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं छोटं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच. ब्युटिरेटमुळे अस्तराची वीण घट्ट राहते, आणि दाह आवरणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. थांबायचा निरोप देणाऱ्यांत याही पेशी असतात. तंतू मिळाले नाहीत तर काय, हे 2016 मध्ये उंदरांवर पाहिलं गेलं: उपाशी जिवाणूंनी आतड्यावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खायला घेतला. थर पातळ झाला की जंतू भिंतीला भिडतात.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या मालदांडीची भाकरी मला आवडते म्हणून मी हे सांगते असं कुणाला वाटेल. तसं नाही. गव्हाच्या चाळलेल्या नाही अशा कणकेतही तंतू तेवढेच असतात. नडतो तो मैदा: सकाळी चहाबरोबर खारी-टोस्ट, दुपारी वडापाव, संध्याकाळी बिस्किटाचा पुडा. कारखान्यातून घरी येताना भूक भागवायला हेच स्वस्त आणि तयार मिळतं, त्यामुळे मी कुणाला दोष देत नाही. पण आमच्या आईच्या पिढीत दिवसाला तीन भाकऱ्या खाणारी माणसं होती, आणि आज त्याच घरांत भाकरी आठवड्यातून एकदा होते.

पोटाचा घेरही दाहातच मोजावा लागतो. चरबीच्या पेशी फार फुगल्या की मरू लागतात, आणि भक्षक पेशी त्यांच्याभोवती कडं करून बसतात. तिथून निघणारे निरोप यकृतापर्यंत पोचतात आणि रक्तात सीआरपी हे प्रथिन वाढतं. असा मंद दाह ना ठणकतो ना लाल दिसतो. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कर्करोग संशोधन संस्थेनं लठ्ठपणाचा 13 प्रकारच्या कर्करोगांशी संबंध पक्का मानला. आपल्या बांध्यासाठी कमरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर धरतात. शिंप्याची टेप घेऊन मोजता येतं.

दाह खरंच कारण आहे की फक्त सोबतीला असतो, ही शंका रास्त आहे. 2017 च्या एका चाचणीनं तिला बरंच उत्तर दिलं. हृदयविकार झालेल्या आणि सीआरपी चढं असलेल्या 10,061 लोकांपैकी काहींना दाहाचा एक निरोप्या अडवणारं इंजेक्शन दिलं होतं. जास्त मात्रा घेतलेल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू खूप कमी झाले. पण तेच औषध फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांना दिलं, तेव्हा उपयोग झाला नाही. माझ्या मते या दोन निकालांतून एवढं तरी दिसतं की दाह आवरण्याचा फायदा आधी आहे, गाठ झाल्यावर त्याचा भरवसा नाही. म्हणून कर्करोग झालेल्या माणसाला उपचार सोडून ‘दाहविरोधी’ काढ्यावर ठेवणारे मला फार धोकादायक वाटतात.

गोळ्या-पावडरींचंही तेच. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांची चाचणी झाली. गाजरातलं रंगद्रव्य कर्करोग टाळेल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट 18 टक्क्यांनी जास्त निघाला. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून जेमतेमच शोषलं जातं. बंगळूरच्या संशोधकांनी 1998 मध्ये मिऱ्यातल्या पायपेरीनसोबत ते कितीतरी पटींनी जास्त शोषलं जातं असं दाखवलं, पण अशा वाढीव शोषणाच्या कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कर्क्युमिननं माणसाचा कर्करोग टळतो असं सिद्ध झालेलं नाही. हळद फोडणीत असू द्या, कॅप्सूलवर पैसे घालू नका. डाळिंबाचं संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच आहे. त्या फळातल्या टॅनिनांपासून आतड्यातले जिवाणू उपयोगी रेणू बनवतात, पण प्रत्येकाच्या आतड्यात ते बनवणारे जिवाणू नसतात. फळ म्हणून खावं, औषध म्हणून नको.

शेंगांबाबत मात्र एक काळजी घ्या. ओल्या हवेत साठवलेल्या शेंगदाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृताच्या पेशींचा डीएनए थेट बिघडवतं, आणि हिपॅटायटिस बीमुळे यकृतात आधीच दाह असेल तर धोका अनेक पटींनी वाढतो. भाजल्यानं ते पुरतं जात नाही. चटणीसाठी दाणे निवडताना आई परात उजेडात धरायची, सुरकुतलेले, काळपट, हिरवट दाणे वेचून काढायची, आणि शंका आली तर एक दाणा चावून बघायची. खवट लागला तर थुंकून चूळ भरायची आणि ती सगळी पिशवीच परत करायची. उखळात दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटायचं काम नंतरचं.

आपल्या जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून गावोगाव जाऊन कर्करोगाची नोंद ठेवली जाते. ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांवर, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीनं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झाली. 2009 मध्ये निकाल आला: हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदा केलेली चाचणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते. कुठल्याही भाकरीनं हे काम होणार नाही. विषाणूला लस आणि तपासणीच लागते.

आजीला मी दंतरुग्णालयात नेलं ते फार उशिरा, सत्तरीत. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कर्करोग नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढला आणि मिश्री बंद झाली. पहिले दोन महिने ती चिडचिडी झाली, उंबऱ्याशी बसून लवंग चघळायची. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी टॉर्च धरून ओठ खाली ओढला. आत गुलाबी कातडी होती, मध्ये पांढऱ्या दोऱ्यासारखी बारीक रेघ. दर सहा महिन्यांनी दाखवायला या, म्हणाले. आजीनं ओठ सोडवून घेतला आणि विचारलं, आता चटणी-भाकरी खाल्ली तर झोंबणार नाही ना.